काहून बसल्या ताई इथं?

श्रावण लागला की नागपूरच्या महाल भागातल्या चितारओळीतून चारचाकी न्यायला कोणी धजावत नाही. एरवी तो साधा, अरुंद रस्ता. पण तेव्हा दुकानांपुढे बांबू रोवलेले असतात, ताडपत्र्या ताणलेल्या असतात आणि त्यांच्याखाली मातीचे गणपती रांगेनं बसलेले असतात. काहींना अजून हात नाहीत, काहींच्या सोंडेला ओल आहे, काही पांढरा हात मारून रंगासाठी तयार ठेवलेले. टेबलफॅनची तोंडं मूर्तींकडे वळवलेली. त्यातूनच शाळेतली पोरं, भाजीची पिशवी घेतलेल्या बाया, दुधाच्या कॅन लावलेली सायकल वाट काढत जाते. कोणाचा धक्का लागलाच तर मूर्तिकार मान वर न करता "सांभाळून जी" म्हणतो आणि डोळ्याची कड ओढत राहतो. नवरात्र आटोपेपर्यंत हे असं चालतं. मग बांबू निघतात, ताडपत्र्या घडी होऊन माळ्यावर जातात आणि रस्त्यावरून पुन्हा ऑटो धावायला लागतात.

कलावंतानं काम करायची यापेक्षा चांगली जागा मी नागपुरात पाहिलेली नाही. गरज पडली की ती उघडते, गरज संपली की मिटते. आणि काम अर्धवट असतानाच सगळं गाव ते बघून जातं. घरी बसवलेल्या गणपतीपुढे हात जोडणाऱ्या लहान मुलानं त्याच गणपतीला बिनहाताचं पाहिलेलं असतं. मूर्ती कशी होते हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतींची, म्हणजे वाईटाला गावाबाहेर घालवायला केलेल्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, तिचंही असंच. काळी मारबत, पिवळी मारबत आणि त्यांच्यासोबतचे बडगे. बडग्या म्हणजे बांबू, कागद, जुने कपडे आणि वर्षभराचा राग. महागाईवर, भ्रष्टाचारावर, कुठल्याशा पुढाऱ्यावर. हे बडगे बंद स्टुडिओत होत नाहीत. इतवारीच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये, ओट्यांवर, दिव्याच्या खांबाखाली पोरं ते उभे करतात आणि येणारा-जाणारा त्यात आपली एक सूचना घालून जातो.

मी जलरंगात काम करते. शासकीय चित्रकला महाविद्यालयातून किंवा दुसऱ्या कुठल्याही कला महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या मुलामुलींशी बोला, सगळ्यांची पहिली अडचण एकच असते. शिकताना उंच छताचे वर्ग असतात, इझल असतात, सांडलं तरी चालेल अशी फरशी असते. निकाल लागला की ते सगळं एका दिवसात जातं. घरी दोन खोल्यांत आईवडील, भावंडं, पाहुणे. भाड्याचा स्टुडिओ परवडत नाही, आणि चित्रं विकली जाऊन तो परवडेपर्यंत हाताची सवय मोडलेली असते. कित्येक चांगले हात या मधल्या काळात बंद पडलेले मी पाहिलेत. प्रतिभेची कमतरता त्यांच्यात नव्हती, टेबल नव्हतं.

म्हणून मी ठेला करून घेतला.

ई-रिक्षा आल्यापासून सायकल रिक्षांचे सांगाडे भंगारात पडून आहेत. तसा एक घेतला आणि ठेले बनवणाऱ्या एका कारागिराकडे गेले. त्याचा पहिला प्रश्न होता, "काय विकणार?" बरोबरच होतं त्याचं. त्याच्या लेखी ठेल्याचा आकार मालावरून ठरतो. पाणीपुरीला काचेची पेटी हवी, पोह्यांना शेगडीपुरतं भोक हवं, उसाच्या रसाला यंत्र पेलणारं बूड हवं. मी म्हटलं, विकणार असं काही नाही, चित्रं काढणार. तो थोडा वेळ सांगाड्याकडे बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "उभ्यानं का बसून?"

आजवर माझ्या कामाबद्दल मला कोणी विचारलेला हा सगळ्यात नेमका प्रश्न. पुढचं सगळं त्यातून ठरलं. उभ्यानं काम करायचं तर फळा कमरेच्या वर हवा, बसून करायचं तर गुडघे आत जायला जागा हवी. मला दोन्ही हवं होतं. त्यानं अँगलला तीन भोकं पाडून फळा वरखाली होईल असं केलं. फळ्याला मागून बिजागरी आणि टेकू, म्हणजे जलरंगाचा वॉश (पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा सलग थर) सोडताना उतार देता येतो आणि वाळवताना आडवं करता येतं. खाली बावीस बाय तीस इंची अख्खा कागद न दुमडता राहील असा सपाट खण. डाव्या बाजूची फळी उघडली की दुसरं टेबल होतं. ते माझ्यासाठी नाही, येऊन बसणाऱ्यांसाठी. स्वच्छ पाण्याची एक कॅन, रंगाच्या पाण्याची दुसरी. ब्रेक म्हणून चाकाखाली वीट. ती वीट मात्र शेजारच्या पोहेवाल्याची आहे.

छपराचा धडा मला निळ्या ताडपत्रीनं दिला. बाजारात स्वस्त आणि टिकाऊ तीच मिळते. पण तिच्याखाली कागद निळसर दिसतो. डोळा त्या निळ्याला सरावतो आणि हात नकळत ऊब वाढवत जातो, पिवळा जास्त, तांबडा जास्त. उन्हात नेल्यावर चित्र भाजल्यासारखं दिसतं. रस्त्यावर काम करणाऱ्या कोणालाही मी पहिलं हेच सांगते: आतून पांढरा मांजरपाट लावा, छत्री घ्यायची तर पांढरी, करडी किंवा काळी घ्या, रंगीत कधीच नाही.

दुसरी गोष्ट हवा. 23 मे 2013 ला नागपुरात 47.9 अंश तापमान नोंदलं गेलं होतं. एप्रिल-मेमध्ये इथं वॉश पसरायच्या आत वाळतो, कडा करकरीत उठतात, आकाश रंगवायला घेतलं की भिंत होते. त्या दिवसांत काम सकाळी सहा ते नऊ, तेही कागद मागूनपुढून भिजवून. पावसाळ्यात उलटं. कागद वाळतच नाही. मग मी रंग बंद करते आणि लिनोकटचं, म्हणजे लिनोलियमवर कोरून ठसे घ्यायचं, कोरकाम काढते. त्याला दमट हवेचं काही वाटत नाही. ठेला तोच, फळा आडवा, रंगाच्या खणात कोरणी. जागा बदलती हवी म्हणतात ती मला अशी कळली. कामानं हवामानाशी आणि जागेनं कामाशी जुळवून घ्यायचं.

यात नवीन काही नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. अलीकडे 'मोबाईल स्टुडिओ' म्हटलं की लोक परदेशी फोटो दाखवतात. त्यांचा इतिहास आहेच आणि तो मला आवडतो. 1841 मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकारानं दाबून रंग काढायची धातूची ट्यूब काढली. तोवर तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून न्यावा लागे. एकदा टोचलं की ती पुन्हा नीट बंद होत नसे. ट्यूब आली आणि चित्रकार दाराबाहेर पडले. दोबिन्यी या फ्रेंच चित्रकारानं 1857 मध्ये नावेवर स्टुडिओ बांधला आणि सेन, वाझ या नद्यांवर फिरत चित्रं काढली. पुढे क्लोद मोने या चित्रकारानंही तशीच नाव केली, आणि त्या नावेत बसून रंगवणाऱ्या मोनेचं चित्र एदुआर माने या दुसऱ्या फ्रेंच चित्रकारानं 1874 मध्ये काढलं. रॉजर फेंटन हा छायाचित्रकार 1855 मध्ये क्रिमियाच्या युद्धावर गेला तो एका दारूच्या व्यापाऱ्याची जुनी घोडागाडी घेऊन. आत डार्करूम. काचेवरचं रसायन ओलं असतानाच फोटो काढून धुवावा लागे, म्हणून प्रयोगशाळा कॅमेऱ्यासोबत फिरवणं भागच होतं. उन्हाळा चढला तशी ती बंद गाडी इतकी तापायला लागली की आत काम करणं मुश्किल झालं. ते वाचताना मला आपला मे महिना आठवला.

पण आपल्याकडे घिसाड्यांचा गाडा होता. भाता, ऐरण, घण, सगळा संसार त्यावर. गावाबाहेर झाडाखाली गाडा सोडला की तासाभरात लोहारशाळा सुरू. बाई घण मारतेय, बाप सांडशीत फाळ धरून फिरवतोय, गावची पोरं गोल करून बसलीत. कल्हईवाला अंगणात खड्डा खणून भाता लावायचा, आणि नवसागराचा तो नाकाला झोंबणारा धूर उठला की काळं पातेलं कापसाच्या एका फेरीत चांदीचं व्हायचं. इथून पूर्वेला वडसा-गडचिरोलीकडे झाडीपट्टीची नाटकं आजही दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव फिरतात. धान निघालेल्या शिवारात रंगमंच उभा होतो, रात्रभर नाटक चालतं, आणि सकाळी पडदे-दिवे गाडीत चढून पुढच्या गावाला जातात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक, असा तो हंगाम. फिरती, घडी होणारी, गावाच्या मधोमध उघडणारी कामाची जागा हा आपल्या मुलखाचा जुना हिशेब आहे. शहरात आल्यावर तो आपण बंद केला.

हल्ली त्याच्या जागी कंटेनर येतात. जहाजावरचा वीस फूट लांब, आठ फूट रुंद लोखंडी डबा. त्याला काच, आत एसी, बाहेर सुंदर अक्षरात काहीतरी लिहिलेलं. मी इतर शहरांतल्या बागांमध्ये असे डबे पाहिलेत. उद्घाटनानंतर बहुतेकांना कुलूप. किल्ली पहारेकऱ्याकडे, पहारेकरी जेवायला गेलेला. विदर्भाच्या उन्हात एसी बंद पडला की लोखंडी डब्यात माणूस बसू शकत नाही, रंग तर सोडाच. आणि काचेमागचा कलावंत मला पटत नाही. त्याला नुसतं बघायचं, त्याच्याशी बोलायचं नाही. खर्च करायचाच असेल तर त्या एका डब्याच्या पैशात कितीतरी ठेले होतील.

पण ठेला झाल्यानं प्रश्न सुटत नाही. चाकं लावली की हलता येतं. मला तर थांबायचं होतं. रस्त्यावर चाकं असलेल्या माणसाला सगळे एकच सांगतात, पुढे व्हा.

एका सकाळी वर्दीतले एक गृहस्थ आले. "काहून बसल्या ताई इथं?" आवाज चढलेला नव्हता. मी म्हटलं, चित्र काढतेय. "विकता का?" नाही. "शिकवता का?" नाही, कोणी आलं तर बसू देते. "कोणाची परवानगी?" त्यांनाही पुढे काय विचारावं सुचेना. विकत असते तर त्यांनी पावती मागितली असती. मिरवणूक असती तर अर्ज मागितला असता. चार तास बसून काम करणाऱ्या आणि काहीच न विकणाऱ्या बाईसाठी त्यांच्याकडे रकाना नव्हता. नंतर एका कार्यालयात गेले तिथंही तेच. अर्जावर 'मालाचा प्रकार' लिहायचा होता.

बाई म्हणून यात एक जास्तीचं आहे. पुरुष चौकात नुसता उभा राहिला तर तो उभा आहे. बाई नुसती बसली तर तिला कारण लागतं. ठेल्यानं मला ते कारण दिलं. समोर फळा, हातात ब्रश, बाजूला पाण्याची कॅन, असं असलं की नजर बदलते. शेजारच्या वस्तीतल्या दोन मुली आधी लांबून बघायच्या. आता डाव्या फळीवर हक्कानं बसतात. एकीची आई म्हणाली, "तुमच्यापाशी असते तं मले काळजी नाई." उघड्यावरची, सगळ्यांच्या डोळ्यांदेखतची जागा मुलींसाठी बंद खोलीपेक्षा सुरक्षित ठरते, हे मला त्या माउलीनं सांगितलं.

कायदा मी नीट वाचला. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, 2014. त्यात पथविक्रेता म्हणजे फक्त माल विकणारा नाही. रस्त्यावर, पदपथावर, सार्वजनिक जागेत, तात्पुरत्या बांधणीतून किंवा फिरून लोकांना सेवा देणाराही त्यात येतो. मग समोर बसवून चेहरा काढून देणारा, मेंदी काढणारी, पाटी रंगवणारा हे सगळे त्यात बसायला हवेत. निदान पाच वर्षांतून एकदा सर्वेक्षण करायचं आहे, विक्रीचं प्रमाणपत्र द्यायचं आहे, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य पथविक्रेत्यांमधून निवडून यायचे आहेत, त्यांत एक तृतीयांश महिला. माझं म्हणणं सरळ आहे: पुढच्या सर्वेक्षणात रस्त्यावर काम करणाऱ्या कलावंतांची नोंद व्हावी, आणि आपणही ती करून घ्यायला पुढे यावं. चित्रकाराला पोहेवाल्याच्या यादीत नाव यायचा संकोच वाटतो, हे मी ऐकलंय. मला वाटत नाही. त्या यादीतल्या माणसांनीच मला रस्ता शिकवला.

पोहेवाल्याचंच घ्या. तो पहाटे येतो, तर्रीचा पहिला वास सहाला सुटतो, दहाला भांडी घासून निघून जातो. कडुनिंबाची सावली कोणत्या महिन्यात किती वाजता कुठे सरकते हे त्याला तोंडपाठ आहे. त्यानंच मला सांगितलं की दिवाळीनंतर दहा ते दोन तीच जागा उत्तम, ऊन पाठीवर येत नाही. संध्याकाळी पाचला तिथं चाटवाला लागतो. म्हणजे एकाच आठ फुटांत दोघांचं पोट आणि माझं काम बसतं, आणि कागदावर कुठे काही लिहिलेलं नाही. पॅरिसच्या माँमार्त्रमध्ये प्लास द्यु तेर्त्र नावाचा चौक आहे, तिथं शहर चित्रकारांना परवाना देतं: साधारण एक चौरस मीटर जागा, तीही दोघांत मिळून, आळीपाळीनं. तो नियम वाचला तेव्हा मला वाटलं, हे तर आपल्या फूटपाथवर रोज चालतं. फक्त तिथं ते मान्य आहे आणि इथं ते कोणी बघितलं नाही तोवरच.

या जागेवर एक जुने पेंटर काका येतात. गाड्यांच्या नंबर प्लेट रंगवण्यात त्यांची हयात गेली. आधी फ्लेक्सनं पाट्यांचं काम खाल्लं, मग 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना कारखान्यातूनच उच्च सुरक्षा नंबर प्लेट आली आणि झाडाखालची त्यांची बैठक उठली. इनॅमलचे डबे घरी पलंगाखाली गेले. एक दिवस ते फळीवर बसून मुलींचं चित्रं काढणं बघत होते. मी विचारलं, काका, अक्षर काढून दाखवता? दुसऱ्या दिवशी डबे घेऊन आले. खडू लावलेली दोरी पत्र्यावर ताणली, मधे चिमटीत धरून सोडली, टक्क. सरळ पांढरी रेघ. डाव्या हातात टेकूची काठी, तिच्यावर उजवं मनगट, चपट्या ब्रशला दोन्ही बाजूंनी डब्याच्या काठावर पुसलं. मग 'त'चा दांडा, वरून खाली, श्वास रोखून एका दमात. रफारापाशी थांबून त्यांनी ब्रश बदलला. मुली बोलेनाशा झाल्या होत्या, पोहेवाल्यानं झारा हातात तसाच धरला होता. 'तर्री पोहे' पूर्ण व्हायला सकाळ गेली. आता त्या पाटीकडे बघून आजूबाजूचे ठेलेवाले काकांना विचारतात. फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत फाटतो, हे त्यांनाही ठाऊक आहे.

हे गॅलरीत घडलं नसतं. सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या मेळाव्यांत देशभरातले कारागीर येतात, मी न चुकता जाते, हातमागावर बसलेल्या माणसापाशी तासन्‌तास उभी राहते. पण मेळा संपतो. काकांना मेळ्यात स्टॉल नको होता. त्यांना रोजच्या रस्त्यावर, रोजच्या गिऱ्हाइकापुढे बसायचं होतं.

म्हणून माझ्या मागण्या छोट्या आहेत आणि त्या मी लेखी दिल्यात. तलावांच्या काठी, बागांच्या दाराशी, मेट्रो स्टेशनांखाली जिथं फूटपाथ रुंद आहे तिथं दिवसातले चार तास कामासाठी राखलेली जागा. त्यावर 'विक्री' हा रकाना सक्तीचा नको. पाण्याचा एक नळ, कारण रंगाला, मातीला आणि माणसाला पाणी लागतं. आणि जमिनीत पक्की बसवलेली एक लोखंडी कडी. तलावाकाठी संध्याकाळचा वारा सुटला की ताडपत्री ठेल्यासकट ओढली जाते आणि बांधायला झाडाशिवाय काही नसतं. झाडाला दोरी बांधून साल सोलवटते, ते मला बघवत नाही.

ही कडीची मागणी पोहेवाल्याला वाचून दाखवली. त्यानं तर्रीवरचं झाकण उचलता उचलता ऐकलं आणि म्हणाला, "कडी लावाल तं माह्या अंगानं लावा, ताई. सकाळी मलेही कामी पडते."